सिद्धान्त डळमळला, नोंदी राहिल्या

शास्त्रज्ञाची थोरवी त्याने मांडलेल्या सिद्धान्तावरून मोजण्याची आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. क्रमिक पुस्तकात ज्याच्या नावाने एखादा नियम छापलेला असतो तो मोठा. ज्याने आयुष्यभर बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, याद्या केल्या, मोजमापे टिपली, तो नुसता टिपणकार. हा निकष डॉ. सुंदरलाल होरा यांना लावायचा झाला तर मोठी पंचाईत होते. कारण ज्या सिद्धान्ताने त्यांचे नाव झाले तो आज डळमळीत झालेला आहे, आणि ज्या कामाची वाच्यता फारशी कोणी केली नाही ते मात्र दिवसेंदिवस अधिक मोलाचे ठरत आहे.

होरा यांचा जन्म १८९६ सालचा, पंजाबातील हाफिजाबादचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला शिकत असताना १९१९ मध्ये त्यांची गाठ डॉ. नेल्सन अॅनंडेल यांच्याशी पडली. अॅनंडेल हे १९१६ साली स्थापन झालेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक. त्यांनी या तरुणाला कलकत्त्यास बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी मणिपूरच्या मोहिमेवर धाडले. डोंगरातील ओढ्यांमधल्या माशांशी होरा यांचा जो संबंध तेथे जडला तो अखेरपर्यंत सुटला नाही.

डोंगरउतारावरून कोसळणाऱ्या पाण्यात मासा टिकतो कसा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. सह्याद्रीच्या नद्यांतील ‘मळ्या’ हा मासा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे मर्म चटकन उमगेल. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो आणि त्याच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. काही माशांच्या छातीवर त्वचेच्या घड्या असतात, काहींचे पर आडवे पसरून पोटाशी जणू एक पंखाच तयार होतो. होरा यांनी अशा प्राण्यांचा अभ्यास केवळ मद्यार्कातील नमुन्यांवरून न करता ओढ्याच्या काठी बसून केला, आणि प्रवाहाचा वेग शरीराला कसा घडवितो याचे विस्तृत विवेचन १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध केले. पस्तिशीही न गाठलेल्या भारतीय संशोधकाच्या दृष्टीने हा मान सामान्य नव्हता.

याच माशांनी त्यांना एका कोड्यात टाकले. आसाम, ब्रह्मदेश, मलाया येथील डोंगरी ओढ्यांत आढळणाऱ्या माशांसारखेच मासे हजारो मैल दूर असलेल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडतात; मधल्या सपाट प्रदेशात त्यांचा मागमूस नाही. खळाळत्या पाण्यावाचून ज्यांना जगता येत नाही ते मासे गंगेचे संथ मैदान ओलांडून आले कसे? होरा यांचे उत्तर असे होते की, एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग आजच्यापेक्षा उंच व अधिक पावसाची होती आणि राजमहाल टेकड्यांच्या पूर्वेस गारो टेकड्यांशी ती जोडलेली होती. ओढ्यामागून ओढा करीत हे मासे त्या रांगेने पश्चिमेला सरकले आणि सह्याद्री लागल्यावर दक्षिणेकडे वळले. मधली खिंड पुढे खचली, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरली, आणि मागे राहिली ती दोन टोके. हाच तो ‘सातपुडा सिद्धान्त’. १९३० नंतरच्या दशकात त्याची मांडणी सुरू झाली आणि १९४९ साली त्यावर खास परिसंवाद भरला. महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच, कारण या कथेतला पूलच मुळी आपल्या उत्तर सीमेवरचा.

परंतु आक्षेपही होते. सातपुडा खरोखरच इतका उंच होता याचा भूशास्त्रीय पुरावा कोठे आहे? मधल्या वाटेवर या माशांचे अवशेष का सापडत नाहीत? गेल्या पंचवीस वर्षांत जनुकीय अभ्यासाने नात्यांची पारख होऊ लागल्यावर तर मूळ गृहीतकच संशयास्पद ठरले आहे. दोन मासे सारखे दिसतात म्हणून ते सख्खे असतीलच असे नाही. सारख्या प्रवाहात राहून वेगवेगळ्या कुळांतील माशांनाही सारखी शरीरे लाभू शकतात. आणि येथेच या चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. प्रवाह शरीराला घडवितो, हे होरा यांनी स्वतःच १९३० मध्ये सप्रमाण सांगितले होते. त्यांच्या सिद्धान्तावरचा सर्वांत भेदक आक्षेप त्यांच्याच जुन्या प्रबंधात दडलेला होता. तो त्यांना दिसला नसेल असे मानणे कठीण. पण कोड्याचे सुबक उत्तर हाती आले की चांगल्या चांगल्यांना ते सोडवत नाही.

१९४२ मध्ये होरा बंगालच्या मत्स्य खात्याचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी त्या प्रांतावर भीषण दुष्काळ कोसळला. माशाच्या शेपटीचे काटे मोजणाऱ्या पंडिताला आता मासा हे अन्न आहे, या बाजूने विचार करावा लागला. तळ्यांतील मत्स्यसंवर्धनावर टी. व्ही. आर. पिल्ले यांच्यासह त्यांनी केलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, जागतिक अन्न व शेती संघटनेने प्रसिद्ध केला. इकडे युद्धामुळे सर्वेक्षण संस्थेचा संग्रह कलकत्त्याहून वाराणसीला हलविण्यात आला होता. १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि त्या संग्रहाचे मोठे नुकसान झाले. बॉम्बपासून वाचविलेले मासे पाण्याने गाठावेत, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नसेल. १९४७ साली होरा संस्थेचे संचालक झाले तेव्हा हाच विस्कटलेला संसार त्यांच्या पदरी आला. ८ डिसेंबर १९५५ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी तो सांभाळला.

त्यांच्या चारशेहून अधिक लेखांपैकी काही लेख मराठी वाचकाने मुद्दाम पाहावेत असे आहेत. सुश्रुतसंहितेत नदीतील, सरोवरातील व झऱ्यातील माशांच्या शरीराचा कोणता भाग जड व कोणता हलका, आणि त्याचा त्यांच्या पोहण्याशी काय संबंध, याचा विचार आहे. १९३५ मध्ये होरा यांनी तो आधुनिक प्राणिशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला. अशोकाच्या स्तंभलेखातील मासेमारीबंदीचे दिवस त्यांनी तपासले. मराठीतील ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी आपण ज्या ‘मानसोल्लासा’चे नाव घेतो, त्याच सोमेश्वर चालुक्याच्या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरण घेऊन त्यातील मासे ओळखण्याचा त्यांनी यत्न केला. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असा डंका त्यांनी पिटला नाही आणि त्यांची टवाळीही केली नाही. हा समतोल आजही दुर्मिळच म्हणायचा.

पण खरे मोल आहे ते याद्यांचे. ‘देवळालीचे मासे’ या नावाची लेखमाला होरा आणि मिश्रा यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली. असल्या लेखाला त्या काळी किती वाचक लाभले असतील? तरीही आज एखाद्या नदीत पूर्वी काय होते हे सांगण्यास दुसरा साक्षीदार नाही. पुण्याच्या मुळा-मुठेचेच पाहा. कर्नल सायक्स यांची १८३९ ची यादी, फ्रेझर यांची १९४२ ची यादी, या शेजारी ठेवूनच पुण्यातील अभ्यासकांना २००३ च्या सुमारास म्हणता आले की अमुक मासे येथे होते आणि आता सापडत नाहीत. धरण, मैला, बाहेरून आणून सोडलेले मासे यांनी काय केले, हे सिद्ध करायला सिद्धान्त कामास येत नाही. तारीख, गाव आणि नमुना लागतो. अशा वेळी महाविद्यालयांच्या संग्रहांतील मद्यार्क आटलेल्या, चिठ्ठ्या गळून पडलेल्या बरण्या पाहिल्या की मन उद्विग्न होते. वर्गीकरणशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी नोकरीच्या बाजारात अडगळीत पडतो, तेव्हा त्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिणार कोण?

मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील मचूळ पाण्यात एक जेमतेम इंचभर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक मासा राहतो. मुंबईचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये त्याचे अत्यंत बारकाईने वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘होराइक्थिस सेटनाय’; होरा आणि मुंबईच्या मत्स्यव्यवसायाचे धुरीण डॉ. सेटना या दोघांच्या सन्मानार्थ. २००८ साली वर्गीकरणाची फेरतपासणी होऊन तो ‘ओरायझियास’ या प्रजातीत समाविष्ट झाला आणि होरा यांचे नाव त्या माशावरून उतरले. कुलकर्णी यांनी त्याच्या परांची, अंड्यांची व वाढीची जी वर्णने करून ठेवली होती, ती मात्र त्या फेरतपासणीतही हाताशी घ्यावी लागली.