विंडोज टाकताना हार्डडिस्क दिसत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

जळगाव/धुळे : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे सेवा केंद्र, दुकान, फोटो स्टुडिओ, पतसंस्था अशा ठिकाणच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकायची वेळ अनेकांवर आली आहे. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू झालं आणि "विंडोज कुठे टाकायचं?" या स्क्रीनवर गाडी अडली. यादी रिकामी! लगेच कुणीतरी म्हणतं, "हार्डडिस्क गेली भाऊ, नवीन टाका."

थांबा. बऱ्याचदा डिस्क चांगली असते, फक्त इन्स्टॉलरला ती ओळखता येत नाही.

आधी डेटा, मग विंडोज

सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. पण केळीच्या गाड्यांचा हिशेब, उधारीची वही, लग्नाचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. म्हणून जुनं विंडोज चालू होत असेल तर कामाच्या सगळ्या फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

डिस्क अजिबात दिसत नाही

कॉम्प्युटर चालू करताना बायोसमध्ये जा. बहुतेक डेल, एसर, लेनोवो लॅपटॉपला एफ२, एचपीला एफ१० आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपला डिलीट बटण लागतं. तिथे डिस्कचं नाव दिसतं का, ते बघा.

बायोसमध्येही नाव नसेल तर अडचण विंडोजची नाही. डेस्कटॉप असेल तर वीज बंद करा, प्लग काढा, धूळ साफ करा, डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. केबल बदलून बघा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका. आत महत्त्वाचा डेटा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यालाच दाखवा.

बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजच्या यादीत नाही? मग प्रोसेसर बघा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सोय चालू असते. उदाहरणार्थ आय५-११३५जी७ : डॅशनंतरचे ११ म्हणजे ११वी पिढी. या सोयीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हमधल्या विंडोजमध्ये नसेल तर डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' हा ड्रायव्हर घ्या, उघडून (एक्स्ट्रॅक्ट करून) पेन ड्राइव्हमध्ये ठेवा आणि त्याच स्क्रीनवरच्या 'लोड ड्रायव्हर' बटणाने तो दाखवा. यादीत डिस्क येईल.

काही जण बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करतात. त्यानेही डिस्क दिसते, पण जुनं विंडोज त्यानंतर चालू होईलच असं नाही. ड्रायव्हरचा रस्ता जास्त सुरक्षित.

डिस्क दिसते, पण 'नेक्स्ट' होत नाही

"डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, जीपीटी लागेल" अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज येतो. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा गावनकाशा : कोणता गट कुठून कुठपर्यंत, याची नोंद. एमबीआर हा जुना नकाशा. त्यात २ टीबीपर्यंतच जागा मोजता येते आणि ४ मुख्य भाग पडतात. जीपीटी हा नवा नकाशा, आणि पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने चालू केला की विंडोज तोच मागतं.

इथेच घात होतो. व्हिडिओ बघून लोक शिफ्ट आणि एफ१० दाबतात, डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' कमांड मारतात. क्लीन म्हणजे त्या डिस्कचा पूर्ण नकाशा पुसणं. सी आणि डी दोन्ही जातात. कॉम्प्युटरला दोन डिस्क असतील आणि नंबर चुकला तर भलतीच पुसली जाते. डेटा बाहेर काढला असेल तरच हा उपाय करा, आणि डिस्क नंबरावरून नाही, जीबीच्या आकारावरून ओळखा. चुकून क्लीन झालंच तर पुढे काही इन्स्टॉल करू नका. नकाशा गेला तरी शेत जागेवर असतं. त्यावर नवी पेरणी झाली की मात्र जुनं पीक मिळत नाही.

दुसरा मार्ग आहे. विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आहे, ते फाइल न पुसता नकाशा बदलतं. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय निवडावं लागतं. तरी बॅकअप हवाच.

लिनक्स टाकत असाल तर

विंडोज ११ ला साधारण इंटेलची ८वी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुन्या मशीनवर काही जण उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. बिटलॉकर चालू आहे का, तेही तपासा. त्याची रिकव्हरी की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर लिहून घ्या, कारण कीशिवाय तो डेटा कुणालाच उघडता येत नाही.

दुकानात देताना

- "बायोसमध्ये डिस्क दिसते का?" हे विचारा आणि स्वतः बघा.
- अडलेल्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- "डेटा काढल्याशिवाय एकही पार्टिशन डिलीट करू नका" असं स्पष्ट सांगा.
- घरीच करत असाल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा.

बायोसमध्ये डिस्क नीट दिसत असेल, तर नवीन डिस्कचे पैसे देण्याआधी ड्रायव्हर आणि पार्टिशन टेबल या दोन गोष्टी तपासून घ्या.