परीक्षेनंतरची शाळा वाया का घालवायची?

परीक्षा संपली की खेड्यातली शाळा ओस पडते. कोणी कांदा काढायला, कोणी गुरांमागे, कोणी मामाच्या गावी लग्नाला. गेल्या एप्रिलमध्ये एका गावी गेलो, तर सातवीच्या वर्गात चारच पोरं. "साहेब, आता शिकवतात कुठं? नुसतं बसवून ठेवतात," एक शेतकरी म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पण दिवस भरले म्हणजे शिक्षण झाले असे नाही.

गुरुजींना विचारून त्या पोरांना कामाला लावलं. त्याच शेतकऱ्याचं घरचं सोयाबीन आणलं. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडले, वर दुसरे ओले गोणपाट झाकले. रोज पाणी शिंपडायचे. आठव्या दिवशी मोजणीला वर्गात वीस पोरं! शंभरात ६० चांगले कोंब निघाले. उगवण निदान ७० टक्के हवी. मग फळ्यावर गणित मांडलं : ७० टक्क्यांना एकरी ३० किलो, तर ६० ला किती? उत्तर आले ३५ किलो. हे जूनमध्ये कळले असते तर त्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी आली असती.

शाळा व्यवस्थापन समितीने सकाळच्या शाळेत एवढे आठ दिवस जरूर राखावेत. पालकांनीही पोरांना धाडावे. पोटरीभर पीक उभे राहील तेव्हा शाळेची आठवण होईल.