मराठी टंकांची उलट अभियांत्रिकी

मराठी टंकांची उलट अभियांत्रिकी म्हणजे युनिकोडपूर्व काळातील मराठी संगणकीय टंकांची, अर्थात फाँटची, अंतर्गत मांडणी शोधून काढणे आणि तिच्या आधारे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे होय. तयार वस्तू उकलून तिच्या रचनेचे नियम शोधण्याच्या क्रियेला उलट अभियांत्रिकी किंवा रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. सामान्यतः हा शब्द यंत्रांच्या संदर्भात वापरला जातो. येथे मात्र उकलायची असते ती अक्षरांची जुळणी.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे विकसित केले. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ही प्रणाली मुद्रण व्यवसायात रुळली. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाणही निश्चित झाले. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात असत.

मात्र पानांची मांडणी करणाऱ्या तत्कालीन संगणक प्रणालींना देवनागरीची जाण नव्हती. एका टंकात जास्तीत जास्त २५६ जागा असत आणि त्यांतीलही काही राखीव असत. देवनागरीची जोडाक्षरे धरून शेकडो आकार होतात. म्हणून टंककारांनी अक्षरांचे तुकडे केले आणि ते रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवले. कोणता तुकडा कोठे बसवायचा, हे प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने ठरवले. परिणामी कागदावर शुद्ध मराठी उमटत असली, तरी तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर तीच फाइल रोमन अक्षरांची निरर्थक रांग दाखवते. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकांसाठी असलेली वाचक प्रणालीही तो वाचू शकत नाही.

मांडणीचा शोध

पहिली पायरी सोपी असते. टंकाची फाइल उघडून कोणत्या क्रमांकाला कोणता आकार दिला आहे, याचा तक्ता करतात. टंक हाती नसल्यास छापील पान आणि त्याची मूळ फाइल शेजारी ठेवून आकार जुळवावे लागतात. अशा वेळी ‘आहे’, ‘आणि’ यांसारखे वारंवार येणारे शब्द उपयोगी पडतात.

खरी अडचण क्रमाची असते. जुने टंक अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात, तर युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवते. ‘आणि’ या शब्दात जुन्या मजकुरात वेलांटी ‘ण’च्या आधी येते; युनिकोडमध्ये ती नंतर हवी. ‘स्थिती’मध्ये तीच वेलांटी अर्धा ‘स’ आणि ‘थ’ या दोघांना ओलांडून न्यावी लागते. रफाराचा प्रवास उलट दिशेने होतो. ‘सर्वांनी’ या शब्दात तो ‘व’ आणि काना यांच्यानंतर, अनेकदा अनुस्वारासह एकाच तुकड्यात, साठवलेला असतो. त्यातील अनुस्वार जागीच ठेवून रफार मात्र ‘व’च्या आधी आणावा लागतो.

सर्वांत फसवा तुकडा म्हणजे काना. काही टंकांत अर्ध्या ‘ग’ला दंड जोडून पूर्ण ‘ग’ होतो आणि आणखी एक दंड जोडला की ‘गा’ होतो. एकच तुकडा पहिल्या वेळी अक्षराचा अवयव असतो, तर दुसऱ्या वेळी स्वर. त्यामुळे तक्ता लावताना लांब जुळण्या आधी आणि सुटे तुकडे नंतर बदलावे लागतात. मगच क्रम दुरुस्त करणारे नियम चालवता येतात.

मराठीचा खास प्रश्न

‘य’ आणि ‘ह’ यांना जोडला जाणारा, आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ मराठीत आवश्यक आहे. हिंदीत तो वापरला जात नाही. हिंदी मजकुरासाठी केलेले नियम जसेच्या तसे मराठीला लावले, तर या तुकड्याचा रफार होण्याचा धोका असतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांना दिलेले मानधन आचार्यांना दिल्याचे वाचावे लागते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीसाला ही चूक सापडत नाही. युनिकोडमध्ये हे चिन्ह ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाचा पाय मोडून लिहिता येते.

कायदेशीर स्थिती

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या संगणक प्रणालीचे कार्य समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करणे हा प्रताधिकारभंग ठरत नाही. दुसऱ्या प्रणालीशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्यासही मुभा आहे. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी, अशी अट आहे. टंकाची प्रत वाटणे ही वेगळी बाब असून तिला ही सवलत लागू होत नाही.

मर्यादा

टंक उत्पादकांनी पुढे स्वतःची रूपांतर साधने दिली आणि स्वयंसेवकांनीही अनेक रूपांतरक लिहिले. तरीही टंकाचे नाव हरवलेल्या साध्या मजकुरात कोणता भाग मराठी आणि कोणता इंग्रजी, हे यंत्राला ठरवता येत नाही, कारण दोन्हींचे क्रमांक एकच असतात. तेथे छापील प्रत हाच एकमेव साक्षीदार उरतो.