बंब पोहोचल्यावरचं पहिलं मिनिट

दरवर्षीप्रमाणे १४ एप्रिलला मानवंदना झाली, अग्निशमन सेवा सप्ताह सुरू झाला, जवानांच्या शौर्यावर भाषणंही झाली. शौर्य खरंच, पण त्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं की आत शिरायचं की नाही. धुरात, आरडाओरड्यात हे इतकं झटपट ठरतं कसं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांना हेच विचारलं. ते निदान दोन पर्याय तरी तोलत असतील, असा क्लाइन यांचा अंदाज होता. अधिकाऱ्यांनी तो उडवून लावला: निर्णय-बिर्णय आम्ही घेत नाही, काय करायचं ते दिसतंच! क्लाइन यांना उलगडलं ते असं: आगीची जात ओळखली की पहिला उपाय आपोआप सुचतो. अधिकारी तो मनातल्या मनात चालवून पाहतो. अडला तरच दुसरा.

क्लाइन यांनी सांगितलेला क्लीव्हलंडचा प्रसंग मला फार आवडतो. एका बैठ्या घरात स्वयंपाकघराकडे आग. पाणी मारलं तरी हटेना. दिवाणखान्यातल्या अधिकाऱ्याला खटकलं: एवढ्याशा आगीच्या मानाने धग जास्त, आवाज मात्र कमी. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाठोपाठ जमीन खचली. खरी आग तळघरात होती. हा गडी श्रेय देत होता अतींद्रिय शक्तीला! मला तर त्यात आधी विझवलेल्या आगीच दिसतात.

म्हणूनच ‘आतल्या आवाजा’वर शिबिरं घेणाऱ्यांपासून जपा. क्लाइन आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी २००९ मध्ये मिळून लिहिलेल्या निबंधात अटी स्पष्ट आहेत: परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि तो शिकायची संधी मिळायला हवी.

या अटी नसतील तर? १९४४च्या याच १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटकं एकत्र लादलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं. रोजच्या अनुभवातली ही आग नव्हे. जहाज तिथेच बुडवावं की बंदराबाहेर न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. जवळजवळ दोन तास तसेच गेले. स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. अनुभव अपुरा पडणार असेल, तिथे शेवटचा शब्द कुणाचा हे तरी आधी ठरलेलं हवं.

आणि आपण? अधिकाऱ्याच्या मनातलं आगीचं पहिलं चित्र आपण फोनवर दिलेल्या वर्दीवरून तयार होतं. १०१ लावाल तेव्हा ‘लवकर या’ एवढंच ओरडू नका. काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, आत कोण अडकलंय, सिलिंडर कुठे आहे, तेही सांगा.