आधी दौड की आधी वजन?

शंकरपटाच्या दिवशी सकाळी तुम्ही पटाची जोडी आधी नांगराला जुंपाल काय? शक्यच नाही. एखादा गडी तसे करू लागला तर तुम्ही त्याच्या हातातले कासरे काढून घ्याल. नांगराने थकलेला बैल पटात पळणार नाही, हे समजायला आपल्याला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पण नेमकी हीच चूक घरच्या मुलाच्या बाबतीत होत असते आणि ती आपल्या ध्यानातही येत नाही.

काटोल, नरखेड, उमरेड, कुही, मौदा, रामटेक या भागांतून कितीतरी मुलेमुली पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करायला नागपुरात येतात आणि खोली करून राहतात. घरी बाप तूर, कापूस विकून खोलीचे भाडे, डब्याचे पैसे आणि जिमची फी पाठवतो. मुलगा जिममध्ये जातो. तेथे शरीर कमावलेली मंडळी आधी तासभर वजने उचलतात आणि शेवटी दहा मिनिटे पट्ट्यावर पळतात. मुलगाही तसेच करतो. सहा महिन्यांनी दंड भरतात, छाती रुंद होते, गावी आल्यावर चार माणसे कौतुक करतात. भरतीच्या मैदानावर मात्र तिसऱ्या फेरीतच पाय जड होतात. पोरगा आळशी नव्हता, मेहनतीत कसूर नव्हती. चुकला तो मेहनतीचा क्रम.

म्हणून आज या एकाच प्रश्नाचा विचार करू. दमाचा व्यायाम आधी करावा की ताकदीचा? दमाचा व्यायाम म्हणजे धावणे, भरभर चालणे, सायकल, पोहणे. जिमवाले त्याला कार्डिओ म्हणतात. ताकदीचा व्यायाम म्हणजे वजने उचलणे, जोर-बैठका, मुद्गल फिरवणे.

गुण कोठे आहेत ते पाहा

उत्तर शोधायला आधी जाहिरात वाचा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे शारीरिक चाचणी ५० गुणांची आहे. मुलांसाठी १६०० मीटर दौड २० गुण, १०० मीटर दौड १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. मुलींसाठी १६०० मीटरच्या जागी ८०० मीटर, बाकी गुणांची वाटणी तीच. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. या चाचणीत निदान निम्मे गुण मिळाल्याशिवाय १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बसताच येत नाही.

आता हिशेब करा. ५० पैकी ३५ गुण पायांत आहेत, १५ हातांत. दंड किती इंची आहे याला एकही गुण नाही. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत तर ५ किलोमीटरची दौड असते. तेथे दमावाचून निभाव लागत नाही.

सैन्याचे गणित थोडे वेगळे आहे. अग्निवीरांच्या चाचणीत १.६ किलोमीटर दौडीला ६० गुण आणि बीमला लटकून शरीर वर ओढण्याला, म्हणजे पुल-अपला, ४० गुण असतात. पूर्ण ४० हवे असतील तर १० पुल-अप काढावे लागतात. येथे हातांची, पाठीची ताकद बरीच मोलाची आहे. पण दौड तेथेही वरचढच आहे.

नियम अधूनमधून बदलतात. म्हणून गावातल्या कोणी सांगितले यावर न जाता ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

शास्त्र काय सांगते

दम आणि ताकद एकाच वेळी कमवू गेले तर काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या शास्त्रज्ञाने केला. तो १९८० साली छापून आला. त्याने तीन गट केले. एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करी, दुसरा फक्त दमाचा आणि तिसरा दोन्ही. दहा आठवडे हे चालले. तिसऱ्या गटाची ताकद सातएक आठवड्यांपर्यंत वाढत गेली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरू लागली. दम मात्र दमवाल्या गटाइतकाच वाढला.

याचा अर्थ दोन्ही व्यायाम एकत्र करूच नयेत असा नाही. हिक्सनचे लोक जवळजवळ रोज दोन्ही गोष्टी जोरात करीत होते. एकाच वावरात दोन पिके घेता येतात, पण दोन्ही दाट पेरली तर एकाला दुसरे मारते. तूर आणि सोयाबीन एकत्र घेताना तुम्ही ओळींचे प्रमाण ठरवता, तसेच हे आहे.

मग क्रमाचे काय? पुढच्या काळात त्यावरही बरेच प्रयोग झाले. त्यांचा एक मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, एकाच बैठकीत दोन्ही करायचे असतील तर आधी वजने आणि मग दौड केल्याने पायांची ताकद जास्त वाढते. दमाच्या बाबतीत क्रमाने विशेष फरक पडत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग जिमवाल्यांचेच खरे! ज्याला ताकद हवी त्याच्यासाठी ते खरेच आहे. पण प्रयोगातला दम आणि मैदानावरचे घड्याळ यांत थोडे अंतर आहे. १६०० मीटर ठरलेल्या वेळात काढायचे तर नुसता दम पुरत नाही, वेगाची सवय लागते. जोरात धावण्याचा सराव ताज्या पायांनीच होतो. बैठका मारून मांड्या भरून आल्या की मुलगा धावतो खरा, पण हळू धावतो, पाऊल आखडते, आणि रोज हळू धावण्याचाच सराव होतो. थकव्यात पाय वाकडा पडून घोटा मुरगळण्याची भीती निराळीच.

म्हणून लक्षात ठेवायचा नियम एकच: जे काम जास्त मोलाचे, ते ताज्या अंगाने आधी करावे. पोलीस भरतीवाल्याने दौड आधी करावी. कुस्तीगिराने, कबड्डीपटूने किंवा ज्याला अंगात ताकद भरायची आहे त्याने वजने आधी करावीत. आणि ज्याला नुसती तब्येत राखायची आहे, त्याने मनाला येईल ते आधी करावे. त्याचे काही बिघडत नाही.

अंग गरम करणे वेगळे

येथे एक गल्लत होते. पहिली पाचदहा मिनिटे हळू पळून, हातपाय फिरवून अंग मोकळे करणे म्हणजे दौडीचा व्यायाम नव्हे. थंडीत पंपाचे इंजीन सुरू करून आपण ते जरा चालू देतो, तशातला हा प्रकार. वजने आधी असोत की दौड आधी, अंग गरम करणे दोन्हींच्या आधी हवेच. मात्र त्यात घामाघूम होऊन दम लागता कामा नये.

सर्वांत चांगले म्हणजे दोन वेळा

क्रमाचा सगळा वाद ज्याने मिटतो तो उपाय म्हणजे दोन्ही व्यायाम वेगवेगळ्या वेळी करणे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, मध्ये निदान सहा तास. तेवढ्या वेळात पोटात अन्न जाते, थोडी झोप होते, स्नायू पुन्हा भरून येतात. खोली करून राहणाऱ्या मुलाला हे सहज जमते. पहाटे दौड, दिवसा अभ्यास, संध्याकाळी अर्धापाऊण तास ताकद.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर हेच बरे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दौड सूर्य वर येण्याआधी आटोपली पाहिजे. नवतपात दुपारी धावून कोणी शूर ठरत नाही, उष्माघात मात्र होतो. डोके दुखू लागले, मळमळले, बोलणे अडखळू लागले तर तेथेच थांबावे, सावलीत जावे, अंगावर पाणी ओतावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

आठवडा असा आखा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याने आठवड्यात तीन दिवस दौड मुख्य ठेवावी. एक दिवस ४०० मीटरच्या चारसहा जोरदार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर श्वास खाली बसेपर्यंत विश्रांती. एक दिवस ५-६ किलोमीटर बेताच्या चालीने, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच. एक दिवस १०० मीटरच्या धावा. या तिन्ही दिवशी ताकदीचा व्यायाम नंतर किंवा संध्याकाळी करावा आणि तोही हलका.

दोन दिवस ताकद मुख्य ठेवावी. त्या दिवशी गोळाफेक सर्वांत आधी. गोळा नुसत्या दंडाने जात नाही. पायांपासून कमरेतून खांद्यापर्यंत आलेला झटका त्याला नेतो, आणि थकलेल्या अंगात झटका राहत नाही. गोळ्यानंतर बैठका, जोर, पुल-अप, वजने. जिम नसेल तर अडत नाही. वऱ्हाडात व्यायाम ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून उभे आहे आणि त्याच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली होती. त्यांच्या मागे चकचकीत यंत्रे नव्हती. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल यांतूनच ती शरीरे घडली होती.

सहाव्या दिवशी हलके चालणे, हातपाय ताणणे. सातव्या दिवशी पूर्ण विसावा. विसावा म्हणजे आळस नव्हे. अंग विसाव्यातच वाढते. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतो, त्या दिवशी त्याला जुंपत नाही. तो मान पोरालाही द्यावा.

आणखी एक महत्त्वाचे. चाचणीच्या दिवशी क्रम तुमच्या हातात नसतो. अधिकारी सांगतील तसे आधी गोळा, मग दौड, किंवा उलटही करावे लागेल. म्हणून चाचणीच्या आधीच्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एकदा तिन्ही प्रकार एकाच सकाळी, वेगवेगळ्या क्रमाने करून पाहावेत आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. एरवी क्रम पाळायचा तो शरीर घडवण्यासाठी. ही सवय करायची ती परीक्षेसाठी.

शेतातले काम हाही व्यायामच

गावातच राहून तयारी करणाऱ्यांसाठी हे विशेष. दिवसभर डवरणी केली, कापूस वेचला, संत्र्याचे क्रेट गाडीत चढवले, तर त्या दिवशीचा ताकदीचा व्यायाम झाला असे समजा. त्यावर पुन्हा वजने उचलू नका. पहाटे कामाच्या आधी दौड उरकून घ्या. आईवडिलांनाही सांगणे आहे की, ज्या दिवशी मुलाच्या जोरदार फेऱ्या असतील त्याच्या आदल्या दिवशी त्याला पोती उचलायला लावू नका. मुलगी तयारी करीत असेल तर पहाटेची धुणीभांडी आणि पाणी भरणे घरातल्या दुसऱ्या कोणी वाटून घ्यावे. भाऊ मैदानावर ताजा जातो आणि बहीण घरकाम उरकून जाते. मग तिची वेळ कमी येते यात नवल काय?

खाण्याबद्दल फार सांगण्याची गरज नाही. भाकर, तुरीचे वरण, भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. जिममध्ये कोणी डबे किंवा इंजेक्शने गळ्यात मारू लागला तर ते पैसे खिशातच ठेवा. इंजेक्शनने फुगवलेले अंग पुढे यकृत आणि हृदयावर उठते.

घरातल्या मोठ्यांसाठी

हा प्रश्न फक्त पोरांचा नाही. साखरेच्या आजारात इन्सुलिन घेणाऱ्यांनी क्रमाचा विचार जास्तच करावा. २०१२ साली कॅनडात टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यात आधी ताकदीचा आणि मग दमाचा व्यायाम केला तेव्हा साखर एकदम खाली जाण्याचे प्रमाण कमी दिसले. पण यावरून स्वतःच्या मनाने काही करू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा. चालायला निघताना खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून जड वजन उचलू नका.

बाकीच्यांनी सकाळी अर्धा तास भरभर चालावे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस करावी. गुडघे आणि मांड्या धरून ठेवायला एवढे पुष्कळ होते.

आता आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. नागपुरात राहणाऱ्या मुलाला फोन लावा. वजन किती उचलतोस हे विचारू नका. विचारा, "बाबा, आधी काय करतोस? आणि १६०० मीटरला मागच्या आठवड्यात किती वेळ लागला?" त्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर पहिल्याचे उत्तर तुम्हाला कळलेच आहे. त्याला पटाच्या जोडीची गोष्ट सांगा. शेतकऱ्याचा पोर आहे, लगेच समजेल.