अपंगांचे आरोग्य आणि आपले कर्तव्य



आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर नेरडीगोंडा हे मंडलाचे गाव वसले आहे. मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा या भाषा या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. कुंतलाचा धबधबा पाहावयास येणारा प्रवासी या भागात सुखाने येतो. परंतु आतल्या एखाद्या पाड्यावरील पांगळ्या मनुष्यास हा महामार्ग गाठणे हाच एक प्रवास असतो, आणि दवाखाना त्याच्याही पुढे असतो.

अपंग मनुष्य दिसला की आपली नजर त्याच्या कुबडीवर किंवा अंधत्वावर खिळते. त्यालाही ताप येतो, दाढ दुखते, रक्तदाब वाढतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, मोठ्या अपंगत्वासह जगतात. मधुमेह, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका त्यांना दुपटीपर्यंत असतो, आणि त्यांतील काहींचे आयुष्य इतरांहून वीस वर्षांपर्यंत कमी भरते. याचे सारे कारण व्यंगात नाही. उशिरा झालेले निदान, दारिद्र्य आणि दवाखान्यापर्यंतचे अडथळे यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि हे अडथळे दूर करता येण्याजोगे आहेत.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांतील शेकडा ६९ खेड्यांत राहतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. या अधिनियमाचे २५ वे कलम प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत राहून, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा. सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यांविना प्रवेश. आणि तपासणीत व उपचारात अग्रक्रम, या तीन गोष्टींची तरतूद त्यात आहे. दाखला आणि निवृत्तिवेतन यांची माहिती पुष्कळांना असते. उपचाराचा हा हक्क मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो.

त्या एकवीस प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. गोंडादी आदिवासी समाजांत तो अधिक आढळतो, म्हणून आदिलाबादकरांनी तो समजून घेतला पाहिजे. आई व वडील या दोघांकडूनही दोष आल्यास मुलास हा आजार होतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अशा मुलाच्या हाती कुबडी नसते. तो शाळेत वारंवार गैरहजर राहिला, तर त्यास आळशी ठरविले जाते. दवाखान्यात तो धडधाकट दिसतो म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहतो. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरले. रक्ताची तपासणी वेळेवर झाली, तर औषधांनी वेदनांचे झटके पुष्कळ कमी करता येतात.

मग करावयाचे काय? सर्वांना एकाच रांगेत उभे करणे म्हणजे समता नव्हे. ज्याला उभे राहता येत नाही, त्याला बसावयास जागा आणि आधी पाळी देणे ही समता होय. दवाखान्याच्या पायरीशेजारी उतार बांधावा. एक फूट उंचीस बारा फूट लांबी, हे त्याचे प्रमाण. तपासणीचे टेबल खाली घेता येईल असे असावे. बहिऱ्याशी हातवाऱ्यांनी वा लिहून बोलावे. गोंडी बोलणाऱ्यास त्याची भाषा जाणणारा माणूस मिळावा. डॉक्टरांनी सोबत्यास विचारण्याआधी रोग्यासच त्याचे दुखणे विचारावे. यांतील बहुतेक गोष्टींस मोठा खर्च येत नाही.

आदिलाबाद येथे २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रोगी तेथे पोहोचलाच नाही, तर त्या विद्येचा त्याला काय उपयोग? आपल्या गावातील किती अपंगांची गेल्या वर्षात एकदा तरी तपासणी झाली, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी विचारावा. ज्यांची झालेली नाही, त्यांच्यासाठी वाहनाची सोय करणे हे त्याच सभेचे पहिले काम ठरेल.