धोट्याच्या गावचा क्लब आणि उधारीचा खेळ

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आम्ही कापडाच्या पेढीवर बसणारे, चेंडूला शेवटची लाथ कधी मारली तेही आता आठवत नाही. पण एका इंग्रजी क्लबाच्या हिशोबाची हकिगत आमच्या वाचनात आली आणि ती फुटबॉलची न वाटता आपल्याच बाजारातल्या एखाद्या बसलेल्या पेढीची वाटली. म्हणून हा लेख.

इंग्लंडात लँकेशायरच्या पट्ट्यात बेरी नावाचे गाव आहे. मागवाल्यांना हे नाव माहीत नसले तरी त्या गावाचे ऋण त्यांच्यावर आहे. धावत्या धोट्याचा शोध १७३३ साली ज्याने लावला, तो जॉन के १७०४ मध्ये याच गावाजवळ जन्मला. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचे खानदान शोधत गेले, तर ते लँकेशायरच्याच दारात पोहोचते. गिरण्यांच्या या गावात १८८५ साली फुटबॉल क्लब निघाला. क्लब लहान, पण त्याने १९०० आणि १९०३ असा दोनदा एफ. ए. कप जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर सहा गोल चढवले आणि एकही घेतला नाही. अंतिम सामन्यातला हा फरक पुढे ११६ वर्षे कोणाला गाठता आला नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याची बरोबरी केली.

त्याच २०१९ च्या वसंतात बेरी क्लब चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढला. गावात आनंद झाला. आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला लीगने या क्लबाला बाहेर काढले. १८९४ पासून, म्हणजे १२५ वर्षे, लीगमध्ये असलेला क्लब एका संध्याकाळी संपला. त्या दिवशी सकाळी गावकरी झाडू, बादल्या घेऊन गिग लेन या मैदानावर आले होते. शनिवारी सामना होईल या आशेने ते खुर्च्या पुसत होते.

जो क्लब वर चढत होता तो बुडाला कसा? उत्तर सरळ आहे. ज्या खेळाडूंनी त्याला वर चढवले, त्यांना द्यायला क्लबाकडे पैसे नव्हते. मोसम संपायच्या आतच त्यांचे पगार थकले होते. विक्री जोरात, दुकानात गर्दी आणि गल्ला रिकामा, असे दुकान आपण सर्वांनी पाहिले आहे.

लहान क्लबाचे उत्पन्न कोठून येते ते आधी पाहू. दारावरची तिकिटे, मोसमाची पास, लीगकडून मिळणारा वाटा, मैदानावरच्या पाट्या, खाणेपिणे. कपच्या स्पर्धेत एखादा बडा क्लब समोर आला तर एका सामन्यात वर्षाची भर पडते, पण ती लॉटरी आहे. आणि कधीतरी एखादा खेळाडू विकला गेला तर ते पैसे. खर्चात सर्वांत मोठी बाब एकच, खेळाडूंचा पगार. मागवाल्याला जसे सुताचे बिल, तसा हा खर्च. बाकी सगळे मिळून त्याच्या खाली.

यात पासच्या पैशांकडे विशेष लक्ष द्यावे. पास उन्हाळ्यात विकली जाते आणि सामने पुढच्या वसंतापर्यंत चालतात. म्हणजे हे पैसे आगाऊ आलेले असतात, माल अजून द्यायचा असतो. या पैशातून मागच्या मोसमाचा थकलेला पगार दिला, की पुढचे वर्ष पहिल्या दिवसापासूनच उधारीवर सुरू होते. बयाण्याच्या रकमेतून जुनी उधारी फेडणारा व्यापारी किती दिवस तग धरतो, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

इंग्लिश लीगने यावर लगाम घातला होता, असे नाही की नियमच नव्हता. खालच्या श्रेणींत पगार उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे नेता येत नसे. चौथ्या श्रेणीत तो साधारण निम्म्यापर्यंत. पण या नियमाला एक मोठी खिंड होती. मालकाने खिशातून दिलेली देणगी किंवा घातलेले भांडवलही उत्पन्नात धरले जाई. म्हणजे मालकाने पैसे ओतले की कागदावर उत्पन्न वाढले, उत्पन्न वाढले की पगाराची मर्यादा वाढली. मालकाचा हात आखडला तर काय, याचे उत्तर नियमात नव्हते. पगाराचे करार मात्र दोन-तीन वर्षांचे झालेले असतात. मालक जातो, करार राहतो.

बेरीत हेच झाले. आधीचे मालक बांधकामाच्या धंद्यातले. त्यांच्या काळात आवाक्याबाहेरचे खेळाडू आले, मैदान गहाण पडले, मैदानाजवळच्या गाड्या लावायच्या जागाही गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाला दुसऱ्याच्या हाती गेला. एक पौंडाची वस्तू स्वस्त नसते, तिच्यामागचे देणे मोजावे लागते. (आपल्याकडेही चालू पेढी गुडविलसकट फुकटात घेतली असे सांगणारे भेटतात. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा भेटावे.)

जुलै २०१९ मध्ये ज्यांचे पैसे येणे होते त्यांच्याशी तडजोड झाली. या तडजोडीतली गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त लागली. इंग्लिश फुटबॉलमध्ये असा दंडक आहे की क्लब अडचणीत आला तरी खेळाडू आणि इतर क्लब यांचे देणे पुरे फेडले पाहिजे, नाहीतर लीगमध्ये जागा राहत नाही. मग ज्यांचे घेणे विनातारण होते, त्यांच्या वाट्याला काय आले? पौंडामागे पंचवीस पेन्स देऊ, असे ठरले. त्यात सरकारचा कर होता आणि क्लबाला माल व सेवा पुरवणारे साधे लोकही होते. म्हणजे वर्षानुवर्षे क्लबावर भरवसा ठेवून उधार देणाऱ्याने रुपयातले बारा आणे सोडायचे. आणि पुढे क्लबच बाहेर काढला गेल्यावर उरलेल्या चार आण्यांचाही आधार गेला. जो व्यापारी कधी मैदानावर खेळला नाही, तो सामना हरला.

आता दुसऱ्या गावाकडे वळू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्सेटर आहे. तेही एके काळी कापडाचेच गाव. सर्ज नावाच्या लोकरी कापडावर सतराव्या-अठराव्या शतकात ते श्रीमंत झाले. तेथील एक्सेटर सिटी क्लबाचीही अशीच वाताहत झाली होती. २००२ मध्ये क्लबावर झगमगाट होता, प्रत्यक्ष मायकेल जॅक्सन मैदानावर येऊन गेला. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, क्लब लीगमधून खाली घसरला आणि देण्याचा डोंगर उघडा पडला. पाहुण्याने टाळ्या मिळवल्या, बिले गावाकडे राहिली.

त्यानंतर क्लब चाहत्यांच्या संस्थेने हाती घेतला. सभासद दरमहा थोडी वर्गणी देतात, एका सभासदाला एक मत. जानेवारी २००५ मध्ये त्यांना ती लॉटरी लागली. कपमध्ये मँचेस्टर युनायटेड समोर आले, ओल्ड ट्रॅफर्डवर सामना शून्य-शून्य सुटला, त्यामुळे घरच्या मैदानावर पुन्हा खेळावा लागला. दुसरा सामना हरले, पण दोन सामन्यांचा गल्ला मिळाला. या पैशातून त्यांनी मोठ्या नावाचे खेळाडू आणले नाहीत, जुने देणे फेडले. आम्हाला विचाराल तर त्या क्लबाचा सर्वांत मोठा विजय तोच.

खेळाडूंच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली, ती म्हणजे गावातली व आसपासची मुले लहानपणापासून तयार करणे. ऑली वॉटकिन्स हा त्यातलाच. लहानपणी क्लबात आला. पुढे पहिल्या संघात जागा होईना, तेव्हा त्याला २०१४-१५ मध्ये वेस्टन-सुपर-मेअर या खालच्या श्रेणीतल्या क्लबाकडे खेळायला पाठवले. परत आला, जमला, आणि २०१७ मध्ये ब्रेंटफर्ड क्लबाने त्याला घेतले. बातम्यांप्रमाणे किंमत सुमारे १८ लाख पौंड. तीन वर्षांनी ब्रेंटफर्डने त्याला अ‍ॅस्टन व्हिलाला विकले, सुमारे २ कोटी ८० लाख पौंडांना.

ग्रे कापड विकणाऱ्याला हे दुःख ओळखीचे आहे. आपला तागा प्रोसेसवाल्याकडे जातो, रंग चढतो, आणि दुकानात त्याचा भाव पाहून आपण कपाळाला हात लावतो. पण एक्सेटरवाल्यांनी विकताना करारात एक ओळ घातली होती. हा खेळाडू पुढे नफ्यात विकला गेला तर नफ्यातला ठरावीक हिस्सा आमचा. त्या एका ओळीपायी २०२० मध्ये त्यांच्या खात्यात सुमारे ४० लाख पौंड आले, म्हणजे मूळ विक्रीच्या दुप्पट. आणि वर्ष कोणते, तर कोरोनाने मैदाने रिकामी पाडली ते. लहान क्लबाने खेळाडू विकताना हातात पडणाऱ्या रकमेवर चार दिवस घासाघीस करावी, पण या ओळीवर आठ दिवस करावी.

एक्सेटरमध्ये सगळे सुरळीत चालले असेही नाही. २०१४ मध्ये पगार भागवण्यासाठी खेळाडूंच्या संघटनेकडून उसने घ्यावे लागले आणि नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. जानेवारी २०१५ मध्ये मॅट ग्राइम्स हा तरुण स्वान्सीला साडेसतरा लाख पौंडांना गेला तेव्हा श्वास मोकळा झाला. २०१७ मध्ये ईथन अँपाडू हा सोळा वर्षांचा मुलगा चेल्सीने नेला. त्याचा भाव ठरला लवादाच्या निकालावर, आणि तो क्लबाला फारच तोकडा वाटला. घरचा माल तयार केला तरी भाव आपणच ठरवू असे नसते. शिवाय मुले तयार व्हायला दहा वर्षे लागतात आणि प्रशिक्षक दर सहा महिन्यांनी बदलला तर एकालाही संधी मिळत नाही. एक्सेटरने २००६ ते २०१८ एकच प्रशिक्षक ठेवला, पॉल टिसडेल. त्या धंद्यात हा विक्रमच समजावा.

मग खेळाडू घ्यावे कसे? कोणता खेळाडू चांगला हे आम्हाला कळत नाही, करार कळतो. १९९५ मध्ये बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून करार संपलेला खेळाडू मोकळा असतो, जुन्या क्लबाला कवडी मिळत नाही. इंग्लंडात चोविशीच्या आतल्या मुलाबद्दल भरपाई मिळते, तेवढाच अपवाद. याचा लहान क्लबाला फायदाही आहे आणि तोटाही. फायदा हा की मोठ्या क्लबांनी सोडलेली वीस-बावीस वर्षांची मुले फुकट मिळतात. तोटा हा की आपला तयार झालेला खेळाडू करार संपेपर्यंत धरून ठेवला, तर तो ईदनंतर उरलेल्या कापडासारखा होतो. वर्ष-दीड वर्ष बाकी असतानाच एकतर नवा करार करावा, नाहीतर विकावा. चाहते ओरडतील. ओरडू द्यावे.

तिशी ओलांडलेला नामांकित खेळाडू मोठ्या पगारावर घेणे हा लहान क्लबांचा आवडता रोग आहे. त्याला पुढे गिऱ्हाईक नसते, दिलेला पगार हाच अखेरचा हिशोब. तरीही एखादा मुरलेला माणूस संघात हवाच, जसा कारखान्यात एक जुना कारागीर लागतो. पोरे त्याच्याकडे बघून शिकतात. एक-दोन ठेवावेत, सात-आठ नव्हेत. बड्या क्लबांची मुले मोसमापुरती उसनी घेता येतात, त्यात पगार वाचतो. पण ते मजुरीवर विणण्यासारखे आहे. माल शेठचा, माग आपला, भाव वाढला तर शेठचा वाढला.

पगाराचा करार करताना श्रेणी खाली गेल्यास पगार किती घटेल, हे आधीच लिहून घ्यावे. वर चढल्यास द्यायचे बक्षीसही मोजून लिहावे, कारण बेरीसारख्या क्लबाला जिंकणेच महाग पडते.

आक्रिंग्टन स्टॅन्ली हा लँकेशायरमधलाच आणखी एक क्लब. १९६२ मध्ये देण्यापायी मोसमाच्या मध्यातच लीग सोडून गेला होता. १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला, २००६ मध्ये परत लीगमध्ये आला. २०१५ पासून तो अँडी होल्ट या प्लास्टिकची भांडी बनवणाऱ्या कारखानदाराच्या हाती आला आणि २०१८ मध्ये, श्रेणीतल्या सर्वांत लहान खर्चांपैकी एक असताना, चौथ्या श्रेणीत पहिला आला. होल्ट क्लबाच्या जमाखर्चाबद्दल चाहत्यांशी उघडपणे बोलत. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, क्लब पुन्हा चौथ्या श्रेणीत उतरला. उतरला, पण बेरीसारखे त्याच्या फाटकाला कुलूप लागले नाही.

बेरीच्या लोकांनी २०१९ मध्येच आपला वेगळा क्लब काढला होता आणि पुढे बऱ्याच खालच्या श्रेणीतून खेळायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये गिग लेन मैदान चाहत्यांच्या हाती आले. त्यासाठी सरकारचीही मदत मिळाली. पण आता मैदानवाले एक आणि संघवाले दुसरे, असे दोन गट पडले, आणि दोघांनी एक व्हावे की नाही यावर मतदान घ्यावे लागले. पहिल्या वेळी प्रस्ताव पडला, २०२३ मध्ये मंजूर झाला. त्या मोसमात नवव्या श्रेणीचे सामने गिग लेनवर सुरू झाले, आणि पाहायला हजारोंनी लोक आले.